देशाचं पहिलं सुवर्णपदक आणि गावातल्या एका आईची गोष्ट : आचार्य अत्रे यांचा जीवनप्रवास

धाराशिव : २३ सप्टेंबर २०२५ रोजी दिल्लीच्या विज्ञान भवनात ७१ वा राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार सोहळा झाला. राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते पुरस्कार दिले गेले. मोहनलाल यांना दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला. शाहरुख खान, विक्रांत मेस्सी, राणी मुखर्जी यांना अभिनयाचे पुरस्कार मिळाले. ‘नाळ २’ मधल्या चिमुकल्या बालकलाकारांचे व्हिडिओ तर गावोगावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरले. त्याच सोहळ्यात सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला सुजय डहाके यांचा ‘श्यामची आई’.

हे नाव ऐकून जुन्या माणसांचे कान टवकारले असतील. कारण ७१ वर्षांपूर्वी, म्हणजे १९५४ साली, देशात पहिल्यांदा असे पुरस्कार दिले गेले तेव्हाही हेच नाव पुकारलं गेलं होतं. तेव्हा ते मराठीपुरतं नव्हतं. अख्ख्या भारतातला सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक ‘श्यामची आई’ ला मिळालं. तो चित्रपट काढणारा माणूस म्हणजे प्रल्हाद केशव अत्रे. महाराष्ट्र त्यांना आचार्य अत्रे म्हणून ओळखतो.

अत्र्यांचं नाव घेतलं की कुणाला त्यांचे विनोद आठवतात, कुणाला भाषणं, कुणाला ‘मराठा’ दैनिक. पण खेड्यातल्या कर्जबाजारी घरातली एका आईची साधी गोष्ट दिल्लीपर्यंत नेणारा माणूस म्हणून त्यांची आठवण कमीच निघते.

सासवडचा पोरगा, पुण्याचा मास्तर

१३ ऑगस्ट १८९८ रोजी पुणे जिल्ह्यातल्या पुरंदर तालुक्यात, सासवडजवळच्या कोडीत गावी अत्र्यांचा जन्म झाला. हा कऱ्हा नदीचा परिसर. पुढे आत्मचरित्र लिहिताना त्यांनी त्याला ‘कऱ्हेचे पाणी’ असं नाव दिलं. गावाकडचं पाणी त्यांच्या अंगात शेवटपर्यंत राहिलं. त्यांची भाषा शहरी सभ्यतेत फारशी अडकली नाही. हसवायचं तर पोट दुखेपर्यंत आणि झोडपायचं तर सालटं निघेपर्यंत, असा त्यांचा खाक्या होता.

शिक्षणासाठी ते पुण्यात आले आणि पोटासाठी शाळामास्तर झाले. पुण्याच्या कॅम्प भागातल्या शाळेत ते मुख्याध्यापक होते. शिकवायचं कसं हे नीट शिकावं म्हणून ते लंडनला गेले आणि १९२८ साली तिथल्या विद्यापीठाची अध्यापनाची पदविका घेऊन आले. परत आल्यावर त्यांनी मुलांच्या क्रमिक पुस्तकांकडे लक्ष दिलं. ‘नवयुग वाचनमाला’ आणि ‘अरुण वाचनमाला’ ही पुस्तकं त्यांच्या हातची. पोरांना वाचताना मजा यावी, धडा म्हणजे शिक्षा वाटू नये, हा त्यामागचा विचार. महाराष्ट्रातल्या एका पिढीनं या पुस्तकांतून मराठी वाचायला सुरुवात केली.

मास्तरकी चालू असतानाच लेखणीही चालू होती. राम गणेश गडकरी हे त्यांचे गुरू. केशवकुमार या नावानं ते कविता लिहीत. ‘झेंडूची फुले’ मध्ये त्यांनी त्या काळच्या कवींच्या लकबींची अशी टर उडवली की मराठीत विडंबन म्हटलं की आजही तेच पुस्तक आठवतं.

नाटक, मग सिनेमा

१९३३ साली त्यांचं ‘साष्टांग नमस्कार’ हे नाटक आलं. त्यानंतर ‘घराबाहेर’, ‘भ्रमाचा भोपळा’, ‘उद्याचा संसार’, ‘लग्नाची बेडी’ अशी नाटकं पाठोपाठ आली. बोलपट आल्यामुळे नाटक कंपन्या बंद पडत चालल्या होत्या. त्या पडत्या काळात अत्र्यांच्या नाटकांनी प्रेक्षक थिएटरात टिकवून धरला. काही नाटकं निव्वळ हसवणारी होती, तर काहींत घरातल्या बाईची घुसमट होती.

नाटकातून ते सिनेमात गेले. मास्टर विनायक यांच्यासाठी त्यांनी ‘ब्रह्मचारी’ लिहिला. १९३८ साली आलेल्या या चित्रपटात मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखात दिसल्या आणि चर्चेला ऊत आला. पुढच्या वर्षी ‘ब्रँडीची बाटली’ आला. १९४१ साली अत्र्यांच्या स्वतःच्या कंपनीचा ‘पायाची दासी’ आला. त्यात दुर्गा खोटे सासू झाल्या आणि वनमाला सून. सासुरवासाची ही कहाणी घराघरात ओळखीची होती.

वनमाला हे नाव लक्षात ठेवण्याजोगं आहे. ग्वाल्हेरच्या सरदार घराण्यातली ही बाई, मूळ नाव सुशीला पवार. अत्र्यांनी पुण्यात सुरू केलेल्या आगरकर हायस्कूलमध्ये त्या शिकवत. तिथून त्या पडद्यावर आल्या. सोहराब मोदींच्या ‘सिकंदर’ मुळे त्या देशभर गाजल्या. त्याच वनमाला पुढे श्यामची आई झाल्या.

कर्जात बुडालेल्या घराची गोष्ट

‘श्यामची आई’ हे पुस्तक साने गुरुजींचं. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात असताना, फेब्रुवारीतल्या मोजक्या दिवसांत त्यांनी ते लिहून काढलं. कोकणातल्या पालगडला गेलेलं स्वतःचं बालपण त्यांनी त्यात मांडलं. आपल्या भागातल्या वारकऱ्यांना साने गुरुजी आणखी एका कारणानं माहीत असतात. पंढरपूरचं विठ्ठल मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून मे १९४७ मध्ये त्यांनी तिथं प्राणांतिक उपोषण केलं आणि देवळाचं दार उघडलं. ११ जून १९५० रोजी गुरुजी गेले. आपल्या पुस्तकाचा चित्रपट झालेला त्यांनी पाहिला नाही.

या पुस्तकाची ओळख संस्कारांचं पुस्तक अशी आहे. शाळेत बक्षीस म्हणून ते आजही वाटलं जातं. पण नीट वाचलं तर त्यात आणखी एक गोष्ट आहे. एकेकाळचं खातंपितं घर भाऊबंदकीत आणि सावकाराच्या कर्जात हळूहळू खचत जातं. वसुलीला आलेला माणूस दारात बसतो, घरातल्या बाईला ऐकवतो. भांडीकुंडी, दागिने, जमीन, अब्रू असं एकेक हातचं सुटत जातं. आई आजारी असते आणि औषधपाण्याची ओढाताण असते. अशा घरातही ती पोराला खोटं बोलू देत नाही, भित्रा होऊ देत नाही, दुसऱ्याला कमी लेखू देत नाही.

हे सगळं आपल्या भागातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. पाऊस दगा देतो, सोसायटीचं थकतं, बँकेची नोटीस येते, खासगी सावकार दारात येतो. त्या दिवशी घरातली बाई चूल कशी पेटवते आणि पोरांना काय सांगते, हे इथल्या कैक घरांनी पाहिलं आहे. गोष्ट कोकणातली असली तरी दुखणं इथलंच आहे.

अत्र्यांनी याच गोष्टीला हात घातला. हसवण्यासाठी नावाजलेला लेखक, पण त्यानं विनोद बाजूला ठेवला आणि चित्रपट सरळ, साधा केला. निर्माता आणि दिग्दर्शक दोन्ही तेच. आई झाल्या वनमाला. लहानगा श्याम झाला माधव वझे. हे वझे पुढे इंग्रजीचे प्राध्यापक आणि नाट्यसमीक्षक म्हणून ओळखले गेले. संगीत वसंत देसाईंचं होतं. द्रौपदीनं कृष्णाच्या बोटाला चिंधी बांधली, ती गोष्ट सांगणारं यातलं गाणं अत्र्यांनीच लिहिलं आणि आशा भोसले यांनी गायलं. शाळेच्या गॅदरिंगमध्ये ते अजून ऐकू येतं.

१९५३ साली चित्रपट लागला आणि लोक डोळे पुसत बाहेर पडले.

पहिला सोहळा, १० ऑक्टोबर १९५४

स्वातंत्र्यानंतर सरकारनं ठरवलं की देशातल्या चांगल्या चित्रपटांचा सन्मान करायचा. तेव्हा त्याला राज्य पुरस्कार म्हणत, राज्य म्हणजे शासन या अर्थानं. आजचे राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार ते हेच. १९५३ साली निघालेल्या चित्रपटांसाठी पहिले पुरस्कार दिले गेले, त्याचा सोहळा १० ऑक्टोबर १९५४ रोजी झाला.

आजच्यासारखी पुरस्कारांची लांबलचक यादी तेव्हा नव्हती. सर्वोत्कृष्ट कथापटाला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक, सर्वोत्कृष्ट माहितीपटाला एक सुवर्णपदक आणि आणखी काही चित्रपटांना गुणवत्ता प्रमाणपत्रं, एवढंच. माहितीपटाचं पदक ‘महाबलीपुरम’ ला मिळालं. कथापटाचं ‘श्यामची आई’ ला.

प्रमाणपत्र मिळालेल्या चित्रपटांत बिमल रॉय यांचा ‘दो बिघा जमीन’ होता. बलराज साहनी त्यात शंभू नावाचा शेतकरी झाले आहेत. जमीनदाराचं देणं फेडायला तो कलकत्त्यात हातरिक्षा ओढतो आणि तरी त्याची दोन बिघे जमीन वाचत नाही. हा चित्रपट त्याच वर्षी फ्रान्समधल्या कान महोत्सवातही गौरवला गेला. असा तगडा चित्रपट समोर असताना सुवर्णपदक मराठी चित्रपटाला मिळालं.

या दोन्ही चित्रपटांत एक गोष्ट सारखी आहे. एकात कर्ज घराला गिळतं, दुसऱ्यात जमिनीला. राजेरजवाडे, देवदेवता आणि नाचगाण्यांचे चित्रपट त्या काळात भरपूर निघत होते. पण देशानं पहिल्याच सोहळ्यात ज्यांचा मान केला, त्यात खेड्यातल्या गरीब घराच्या या दोन कहाण्या होत्या.

वनमालांना मात्र त्या सोहळ्यात वेगळा पुरस्कार मिळाला नाही. कारण अभिनयासाठी पुरस्कारच नव्हता. तो सुरू झाला १९६७ सालच्या चित्रपटांपासून. पहिला मान नर्गिस आणि उत्तम कुमार यांना मिळाला. बालकलाकारांना पुरस्कार सुरू झाला तो त्याच्याही नंतर. आज ‘नाळ २’ ची पोरं दिल्लीला जाऊन पदक घेतात, पण तेव्हाच्या श्यामसाठी अशी सोय नव्हती.

तेव्हा आपला जिल्हा कुठे होता?

१९५४ साली तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव जिल्हा, महाराष्ट्रात नव्हता. मुळात महाराष्ट्र राज्यच नव्हतं. जिल्हा हैदराबाद राज्यात होता. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची राजवट संपून जेमतेम सहा वर्षं झाली होती. निजामाच्या काळात कारभार उर्दूत चालायचा, शाळेतलं वरचं शिक्षणही उर्दूत असायचं. घरात, शेतात, देवळात मराठी आणि कचेरीत उर्दू, अशी इथल्या माणसाची गत होती. ज्या भाषेला आपल्याच कचेरीत जागा नव्हती, त्या भाषेतल्या चित्रपटाला देशाचं पहिलं सुवर्णपदक मिळालं, याचं मोल मराठवाड्याला जास्त कळणारं होतं.

सगळी मराठी माणसं एका राज्यात यावीत, यासाठी पुढच्या दोन-तीन वर्षांत लढा पेटला. त्यात अत्रे सर्वांत पुढे होते. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा हैदराबादमधून सुटून द्विभाषिक मुंबई राज्यात आला. त्यानंतर पंधराच दिवसांनी, १५ नोव्हेंबरला, अत्र्यांनी ‘मराठा’ दैनिक सुरू केलं. संयुक्त महाराष्ट्राचा आवाज म्हणून ते घराघरात वाचलं जाऊ लागलं. सभांना हजारोंची गर्दी व्हायची. १९५७ च्या निवडणुकीत ते आमदार म्हणून विधानसभेत गेले. १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं आणि कोकणातला पालगड, पुरंदरचा कोडीत आणि आपला जिल्हा एका राज्यात आले.

फुले आणि बाबासाहेब

सुवर्णपदकाच्या आधीच अत्र्यांनी पुढचा चित्रपट हातात घेतला होता, ‘महात्मा फुले’. हा विषय त्यांच्या जुन्या जिव्हाळ्याचा. फुले घराण्याचं खानवडी गाव त्यांच्याच पुरंदर तालुक्यातलं. पुणे नगरपालिकेत काम करताना अत्र्यांनीच पुढाकार घेऊन तिथल्या रे मार्केटला महात्मा फुले मंडई हे नाव मिळवून दिलं होतं. ब्राह्मण घरातल्या माणसानं त्या काळच्या पुण्यात ही मागणी लावून धरणं सोपं नव्हतं.

चित्रपटात बाबूराव पेंढारकर जोतीराव झाले आणि सुलोचनाबाई सावित्रीबाई झाल्या. जानेवारी १९५४ मध्ये झालेल्या मुहूर्ताला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजर होते. आपल्या जिल्ह्याला बाबासाहेबांची आठवण आहे ती कसबे तडवळ्याची. फेब्रुवारी १९४१ मध्ये तिथल्या महार-मांग वतनदार परिषदेला ते आले होते. अत्रे आणि बाबासाहेब यांचा स्नेह शेवटपर्यंत राहिला. डिसेंबर १९५६ मध्ये बाबासाहेबांच्या अंत्यसंस्काराला दादरच्या चौपाटीवर लोटलेल्या लाखोंच्या गर्दीसमोर अत्र्यांनी श्रद्धांजलीचं भाषण केलं.

दुसऱ्या वर्षीपासून राष्ट्रीय पुरस्कारांत प्रत्येक भाषेसाठी वेगळं रौप्यपदक सुरू झालं. मराठीतलं पहिलं रौप्यपदक ‘महात्मा फुले’ लाच मिळालं. लागोपाठ दोन वर्षं एकाच माणसाच्या चित्रपटांना देशपातळीवरचा मान मिळाला. एक चित्रपट घरात पोराला घडवणाऱ्या आईचा, तर दुसरा समाजाच्या लेकींना शाळेत आणणाऱ्या जोडप्याचा. दोन्ही शिकवण्याच्याच गोष्टी होत्या. मास्तरकी सुटली, पण अंगातला मास्तर गेला नव्हता.

धारदार जीभ, मोठी देणगी

अत्रे म्हणजे निव्वळ गुणांचा पुतळा नव्हता. त्यांची वादांची यादी लांब आहे. कादंबरीकार ना. सी. फडके यांच्याशी त्यांचं भांडण वर्षानुवर्षं चाललं. राजकारणातल्या विरोधकांवर लिहिताना त्यांची लेखणी अनेकदा मर्यादा सोडून गेली. दुखावलेल्यांत मोठी आणि भली माणसंही होती. ज्या हातानं त्यांनी सोशीक आईची गोष्ट पडद्यावर आणली, त्याच हातानं त्यांनी बोचरे अग्रलेख लिहिले.

पण माणूस गेला की त्याच्याविषयी भरभरून लिहिण्यातही त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. त्यांचे मृत्युलेख मराठीत आजही नावाजले जातात. वैर त्यांनी उघड केलं आणि प्रेमही उघडच केलं.

१९४२ साली नाशिकच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. त्याच संमेलनाचा ९३ वा मांडव जानेवारी २०२० मध्ये आपल्या शहरात पडला होता. १९६२ साली त्यांचं ‘तो मी नव्हेच’ रंगभूमीवर आलं. गावोगावी बायकांना फसवणाऱ्या भामट्याचं हे नाटक प्रभाकर पणशीकरांनी पुढं शेकडो प्रयोगांत गाजवलं. १३ जून १९६९ रोजी अत्रे गेले. साने गुरुजींच्या पुण्यतिथीला दोनच दिवस झाले होते.

पन्नास वर्षांची वाट

‘श्यामची आई’ नंतर देशातल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान पुन्हा मराठीला मिळायला अर्धं शतक गेलं. २००३ सालच्या चित्रपटांत संदीप सावंत यांच्या ‘श्वास’ नं तो मिळवला. तीही कोकणातल्या एका म्हाताऱ्याची आणि त्याच्या नातवाची गोष्ट. नातवाचा जीव वाचवायचा तर त्याची दृष्टी जाणार, असा पेच. त्यानंतर ‘देऊळ’, ‘कोर्ट’ आणि ‘कासव’ यांनी हा मान मिळवला. ‘देऊळ’ तर सरळ खेड्यातलाच. गावात दत्ताचं देऊळ होतं आणि त्याभोवती गावाचं काय होतं, ते त्यात आहे.

अत्र्यांकडे आजच्यासारखे कॅमेरे नव्हते. त्यांच्याकडे होती एक गोष्ट, ती सांगायची हिंमत आणि आपल्या माणसांची भाषा. त्या काळी खेड्यात सिनेमा यायचा तो जत्रेत, तंबू ठोकून. पोरं जमिनीवर बसून पडद्याकडे बघायची. आज तो पडदा प्रत्येकाच्या खिशात आहे. अत्र्यांचा कृष्णधवल ‘श्यामची आई’ मोबाइलवरही पाहता येतो. ज्या घरात देणं थकलं आहे आणि तरी पोरांची शाळा चुकलेली नाही, त्या घरानं तो एकदा सगळ्यांनी मिळून पाहावा. गोष्ट ओळखीची वाटेल.